ओळखीचा प्रश्न

बोक्सुननं कीबोर्डवर पालथा हात ठेवला. हाताला तिळाच्या तेलाचा वास होता आणि बोटांच्या पेरांत मिरचीची लाली मुरली होती.

"पासवर्ड बदलायचा नाही."

"आई, हात काढ. कळा तेलकट होतायत."

"होऊ देत. माझ्याच आहेत."

मिराननं खुर्ची मागे सरकवली. सकाळी तिच्या फोनवर सूचना आली होती, की आईच्या ऑनलाइन खात्यात दूरच्या उल्सान शहरातून कोणीतरी शिरलं आहे. तशीच ती ग्वांग्जूहून बसनं मोक्पोला आली. मासळीबाजारामागचं आईचं किमचीचं, म्हणजे तिखट आंबवलेल्या भाज्यांचं, आणि खारवलेल्या माशांचं दुकान आता निम्मं त्या खात्यावर चालत होतं. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर, सगळं त्यातच होतं. आणि पासवर्ड काय, तर दुकानाचं नाव आणि पुढे दुकानाच्या फोनचे शेवटचे चार आकडे. दोन्ही बाहेर पाटीवर रंगवलेले.

"शेजारच्या मावशींच्या नावानं परवा लोकांना खोटे निरोप गेले ना? पैसे पाठवा म्हणून? उद्या तुझ्या नावानं जातील. मग कोण घेईल तुझी किमची?"

"चोरानं काही नेलं असतं. यानं फक्त फोटो बघितले."

मिराननं मान वर केली. "तुला कसं माहीत?"

बोक्सुननं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुसायला घेतलं. मिराननं खात्याच्या नोंदी उघडल्या. उल्सान आज पहिल्यांदा आलं नव्हतं. नववर्षाच्या सुमारास होतं, शरदातल्या सणालाही होतं. दर वेळी फक्त फोटोच उघडलेले.

"दादा?"

मासेमारीची बोट विकण्यावरून बाबांशी भांडून मिरानचा मोठा भाऊ तेसॉक घराबाहेर पडला, तेव्हापासून त्याचा नंबर बंद होता. बाबा गेले तेव्हा कळवायचं कुठे, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

"त्याला हा पासवर्ड पाठ आहे," आई म्हणाली.

"पाटी वाचणाऱ्या कुणालाही आहे. दादाच आहे कशावरून?"

फडकं थांबलं. मिरानला वाटलं, हे आपण विचारायला नको होतं. आईला ते जाणून घ्यायचंच नव्हतं.

मग मिरान हळूच म्हणाली, "एक करता येईल. पासवर्ड विसरलेल्याला हे खातं एक प्रश्न विचारतं. प्रश्न आपण ठरवायचा, उत्तरही आपणच. फक्त दादाला येईल असं काही विचार."

"आणि नाही आलं तर?"

"तर तो दादा नव्हता."

बोक्सुननं फडकं पिळून दोरीवर टाकलं. "कर."

मिराननं कीबोर्ड इंग्रजीवर नेला आणि नव्या पासवर्डसाठी कोरियन अक्षरांच्या कळा दाबत एक वाक्य टाइप केलं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते, पण टाइप करणाऱ्याला वाक्य तोंडपाठ. इथे निम्मे लोक असाच पासवर्ड करतात.

"काय लिहिलंस?"

"बाबांनी केलेली मुळ्याची किमची मांजरसुद्धा खाईना."

"गेलेल्या माणसाची थट्टा करतेस?" आई म्हणाली, पण ओठ दाबून. "खरंच खात नव्हतं म्हणा."

प्रश्न आईनं सांगितला, मिराननं फोनवरून भरला. घर सोडताना मी तुझ्या पिशवीत काय घातलं? पडद्यावर उत्तराची चौकट आली तेव्हा बोक्सुन म्हणाली, "तिकडे बघ." मिरान भिंतीकडे तोंड करून बसली. मागे एकेक कळ शोधून दाबल्याचा आवाज येत राहिला. चौकटीत उत्तराच्या जागी काळे ठिपके उमटले.

पुढचे रविवार मिरान दुकानात येत राहिली. आई विचारायची नाही. चहा देताना फक्त फोनकडे बघायची.

शरदातल्या सणाच्या आदल्या दिवशी गर्दी ओसरल्यावर फोन वाजला. मिराननं वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"वाच."

"उल्सानहून कोणीतरी उत्तर दिलं. चुकलं."

बोक्सुन बरणीचं झाकण लावत होती. ते नीट बसलं होतं, तरी ती फिरवत राहिली. "तो विसरणार नाही," ती म्हणाली. "बाबांचे नवे लोकरी हातमोजे होते."

"ते? ते मी हरवले असं धरून बाबा मला हिवाळाभर बोलले!"

"माहितीये."

मिरानची नजर कीबोर्डवर गेली. त्या दिवशी तो तिनंच इंग्रजीवर नेला होता. परत कोरियनवर कोणी फिरवला होता?

"आई, उत्तर लिहिताना भाषा बदलायची कळ दाबलीस?"

"कुठली कळ?"

म्हणजे ठिपक्यांमागे उत्तरही इंग्रजी अक्षरांच्या खिचडीतच साठलं होतं. आई ती कळ कधीच दाबत नसे. तेसॉक शाळेत असताना ती दुकानातून त्याला निरोप पाठवायची, सगळे असेच खिचडी झालेले. मिरान वैतागायची. तेसॉक जेवता जेवता ते घडाघडा वाचून दाखवायचा, "आई म्हणते, भात लाव, आणि मिरानला उठव, आळशी आहे ती."

फोन पुन्हा वाजला.

उल्सान. उत्तर बरोबर. खातं उघडलं.

मिराननं फोन आईच्या हातात दिला. बोक्सुननं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग हात धुतले, एप्रनला नीट पुसले आणि कीबोर्डसमोर बसून स्वतःच्याच खात्यावर, तो वाचेल तिथे, निरोप लिहायला घेतला. एकेक कळ शोधत, पडद्याकडे न बघता.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी सरकत होती. मिराननं सवयीनं त्या कळीकडे हात नेला, आणि मागे घेतला.