अठरा महिन्यांचं भस्म

दोन हजार पाच साली वणीच्या रस्त्यावर बाबांच्या मांडवात चपला काढायला जागा नव्हती. बाबांनी एकाच पोराचे दोन कागद उंच धरले. पहिल्यावर एचआयव्ही पॉझिटिव्ह, दुसऱ्यावर निगेटिव्ह. बाबांना देवी थेट दर्शन देई. कागदांचं लॅमिनेशन मात्र नाशकातून करून आणावं लागे.

"आईच्या रक्तातला किडा भस्मानं ओढून घेतो. डॉक्टरचं सायरप बंद. रोज मधात चिमूटभर भस्म. अठरा महिन्यांनी कागद पालटतो."

कलाबाईनं भस्माची पुडी कमरेला खोचली. याच आजारानं मुलगा जाऊन तीन महिने झाले होते. ती रडली नव्हती. दारच्या झेंडूला पाणी द्यायलाही चुकली नव्हती. सून चांगुणालाही तोच आजार. दीड महिन्याची लेक तिच्या मांडीवर होती, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या गाठोड्यासारखी.

"किती पोरं बरी झाली, महाराज?" कलाबाईनं विचारलं.

"सात."

"अन् नाय झाली ती?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सावित्रीबाई सिस्टर मखमलाबादला घरी आल्या. पुडी त्यांना दिसली.

"मध नको, पाणीही नको. नुसतं आईचं दूध. वरचं काही दिलं की आतड्याला इजा होते, आजाराला वाट मिळते."

"मग महाराजांनी दाखवलेल्या त्या पोराचा कागद पालटला कसा?" कलाबाईनं विचारलं.

"आजाराशी लढणारे घटक आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाला मिळतात. तपासणी त्यांनाच पकडते. म्हणून अशा आईचं बाळ आधी पॉझिटिव्हच दिसतं. बाळाला लागण नसेल, तर दीड वर्षात ते घटक आपोआप जातात."

कलाबाईनं दारच्या झेंडूकडं पाहिलं.

"म्हंजे आमचा झेंडू दोन महिन्यांनी फुलतोच. ह्यो मधी येऊन फुंकर मारतो, अन् फूल माझं म्हणतो."

"आणि जळालेली रोपं मोजत नाही. तेवढे दिवस बाळाला जंतूंपासून जपतं ते सायरप. तेच तो बंद करतो."

चांगुणा पहिल्यांदाच बोलली. "हिचा पालटंल का, सिस्टर?"

"आत्ता सांगता येत नाही."

बाबांनी असं उत्तर कधीच दिलं नसतं. कागद दाखवणाऱ्याला एवढंच विचारावं: हे आपोआप झालं असतं का, आणि मांडवात परत न आलेल्यांचं काय?

कलाबाईनं पुडी झेंडूच्या वाफ्यात झटकली. राखच ती, झेंडूला चालली. मग तिनं नातीची हनुवटी धरली आणि चांगुणानं सायरपचा चमचा लावला.

अजून साडेसोळा महिने होते.