घरातलाच एक गुडघा

बाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. भूमध्य समुद्राचं हवामान त्यांनी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण तो समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यामुळे डॉक्टरांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, शरद ऋतूतल्या त्याच समुद्रावरच्या बोटीच्या सफरीची दोन तिकिटं जेवणाच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांना आधी खरंच वाटेना. डॉक्टर हाडांचे सर्जन. सुट्टी हा शब्द काढला तरी कपाळाला आठ्या पडणारा माणूस.

"कंपनीने दिलीयत," ते म्हणाले. "बोटीवर परिषद आहे. दोन भाषणं ऐकायची, बाकी मजा."

भाषणं ऐकायला समुद्रात कशाला जावं लागतं, हा प्रश्न बाईंच्या मनात आला आणि बोटीच्या आनंदात विरून गेला.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी दिवाणखान्यात मोठी बॅग उघडून ठेवली. मदतीला ताई आल्या होत्या. ताई डॉक्टरांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. कपड्याची घडी घालावी तर ताईंनीच, इस्त्रीची गरज पडत नसे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांचा उजवा गुडघा बदलला होता. तेव्हापासून तो सुजलेलाच होता, नीट वाकत नव्हता. ताई सोफ्यावर एक पाय लांब करून बसल्या, काठी बाजूला टेकवली आणि कामाला लागल्या.

"दिवसा ऊन असतं, संध्याकाळी वारा सुटतो," बाई सांगत होत्या. "मध्येच पाऊसही येतो. जाडजूड एकच कोट नेऊन उपयोग नाही. सुती, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर पावसाळी जाकीट."

"म्हणजे कांद्यासारखं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी डॉक्टरांच्या ढिगातून पोहण्याची नवी चड्डी दोन बोटांच्या चिमटीत उचलली. चकचकीत, लाल, वीतभर. "आणि हे काय? चष्मा पुसायचं फडकं?"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ढिगात खाली काखेत पिवळे पडलेले बनियन निघाले, आणि ज्यांचा जोड कुणालाच माहीत नाही असे मोजे. "ही घाण समुद्रापार न्यायची?" म्हणत बाईंनी ते सरळ केराच्या डब्यात टाकले.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. कंपनीचा माणूस आला होता. बदली गुडघे बनवणारी ती कंपनी, आणि हा तिचा विक्रेता. केसांना चोपडलेलं काहीतरी, आणि त्याच्याआधी घरात शिरलेला गोडूस अत्तराचा भपका. त्याच्या हातात दोन निळी जाकिटं होती, छातीवर आणि पाठीवर कंपनीचं नाव. जाकिटांना नव्या रबराचा वास मारत होता.

"मॅडम, पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी हीच घालायची. फोटो असतो."

गुरांना डाग देतात तसं ते नाव बाईंना वाटलं. तरी त्यांनी चहा-बिस्किटं दिली. तो उघड्या बॅगेशेजारीच बसला. ताईंकडे त्याने एकदा बघितलं, घड्या घालणारी कुणी कामवाली असावी असं समजून परत बघितलंही नाही.

"सरांनी कमाल केली हं, मॅडम," तो बिस्कीट चघळत म्हणाला. "बोटीसाठी जेवढे गुडघे बसवायचे होते, त्यात शेवटपर्यंत काठावर होते. एका गुडघ्यासाठी बोट सुटत होती! मी म्हटलं, सर, काहीतरी करा. सर म्हणाले, घाबरतोस काय, घरातलाच एक गुडघा आहे." आणि तो खदाखदा हसला. बिस्किटाचा भुगा बॅगेतल्या बाईंच्या पांढऱ्या झग्यावर उडाला.

"कुणाचा गुडघा?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"असेल कुणी म्हातारं माणूस. आज ना उद्या बदलायचाच असतो ना, मावशी. आज बदलला."

तो गेला. ताईंनी हातातल्या स्वेटरची घडी पूर्ण केली. मग पायावरचं कापड वर सरकवून त्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. सुजून तुकतुकीत झालेली कातडी, मधोमध जांभळा व्रण.

"दुसऱ्या डॉक्टरने मला व्यायाम सांगितला होता," त्या म्हणाल्या. "वजन कमी करा, जिना टाळा, अजून काही वर्षं सहज जातील, असं म्हणाला होता. याने म्हटलं, ताई, आत्ता नाही केलंस तर खुर्चीला खिळशील. धाकटा भाऊ सांगतोय म्हटल्यावर मी दुसरं कुणाला विचारू?"

 बाईंनी मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले. त्या अत्तराचा वास बोटांना चिकटला होता. परत येऊन त्या बॅगेतून आपले कपडे बाहेर काढू लागल्या. सुती झगे, पावसाळी जाकीट, मुद्दाम शिवून घेतलेला संध्याकाळचा पोशाख. प्रत्येक कपडा हाताला बुळबुळीत लागत होता. जन्मभर बघायचा राहिलेला तो समुद्र आठवला, आणि त्याचीही शिसारी आली.

डॉक्टर आले ते खुशीत. आल्या आल्या निळं जाकीट अंगात चढवून आरशासमोर उभे राहिले, पोट आत घेतलं, छातीवरच्या नावावर थोपटलं. "कसं दिसतंय?"

"ताईंचा गुडघा बोटीसाठी कापलात?" बाईंनी विचारलं.

आरशातला चेहरा क्षणभर थिजला. मग डॉक्टर वळले आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "दुखत होता ना तिचा? केव्हातरी करायचाच होता. थोडा आधी केला, एवढंच. आणि माल एक नंबर आहे त्यांचा."

"माल," बाई म्हणाल्या.

"अगं, सगळेच करतात हे. मी एकटाच हरिश्चंद्र होऊन काय मिळणार? ताई, तूच सांग हिला. मी तुझं वाईट करीन का?"

हे बोलताना त्यांचा हात जाकिटाची चेन खालीवर करत होता. या माणसाच्या ताटात आपण रोज जेवण वाढलं, त्याचे घामट कपडे धुतले, त्याच्या शेजारी झोपलो.  आयुष्यात बाईंना राग पुष्कळदा आला होता. हा राग नव्हता. जेवताना घासात केस लागावा तसं काहीतरी होतं, आणि तो थुंकूनही टाकता येत नव्हता.

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या.

"वेडी आहेस का! तिकीट वाया जाईल."

"वाया कशाला?" ताई काठी टेकत उभ्या राहिल्या. "मी येते. नाव बदलून देतील म्हणावं, विचार तुझ्या माणसाला. कुंपणाने शेत खाल्लंच आहे, तर शेताला निदान समुद्र तरी बघू दे."

"ताई, तिथे दगडी रस्ते असतात. बोटीवर जिने. तुला जमायचं नाही."

"तू आहेस की धरायला. घरचा डॉक्टर."

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. दोघींपैकी कुणीही नजर खाली घेतली नाही. नाव बदलून मिळालं. सर्जनसाहेब नाराज होऊ नयेत म्हणून कंपनीच्या माणसाने ते लगोलग करून दिलं.

बाईंनी मग ताईंची बॅग भरली, मन लावून. एकावर एक घालायचे कपडे, सपाट तळाचे बूट, गुडघ्याला बांधायला लोकरीची पट्टी, वाऱ्यासाठी जाड शाल. डॉक्टरांच्या बॅगेला त्यांनी हातही लावला नाही. ती डॉक्टरांनी स्वतःच कोंबून भरली, झाकण लागेना तेव्हा वर बसून लावली.

बोटीवरून ताईंचा फोन यायचा. पहिल्या संध्याकाळच्या फोटोला त्या काठी घेऊन भावाच्या शेजारी पुढच्याच रांगेत उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक बंदरावर चढाव आला की सगळ्यांदेखत हाक मारायच्या, "डॉक्टर, हात द्या!" जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या एका सर्जनने आपुलकीने विचारलं, गुडघा कुणी केला? ताईंनी हातातला काटा समोरच्या खुर्चीतल्या भावाकडे रोखला. "तो विचारणारा बिचारा खाली बघून सूप प्यायला लागला," ताई म्हणाल्या. "पण खरं सांगू? समुद्र फार सुंदर आहे गं. मला एकदाही मळमळलं नाही. याला मात्र रोज उलट्या."

परत आल्यावर ताईंनी दुसऱ्या सर्जनला गुडघा दाखवला. बसवलेला भाग मापाला चुकला होता. तो पुन्हा उघडून नीट करावा लागला. आता त्या काठीशिवाय बाजारात जातात. भावाशी बोलतात, पण तब्येतीबद्दल त्याला एक शब्द विचारत नाहीत.

डॉक्टर सुधारले, असं काही म्हणता येणार नाही. कंपनीचा माणूस आता घरी येत नाही, दवाखान्यात भेटतो, एवढाच फरक. बाई पलीकडच्या खोलीत झोपतात. सकाळी डॉक्टर न्हाणीघरातून बाहेर आले की त्या आत जाऊन आधी खिडकी उघडतात, भरपूर पाणी ओततात, आणि मगच आपला टॉवेल खुंटीला लावतात.