गल्लीत अडकलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. आत स्प्रिंगा, वर पिंजलेल्या कापसाचा जाड थर आणि त्यावर निळ्या पट्ट्यांची खोळ, असे माझे रूप होते. आता त्यातला फक्त कापूस उरला आहे. पण आधी सुरुवातीपासून सांगते.

मेक्सिकोतल्या लेओन शहरात, एका छोट्या कारखान्यात मी तयार झाले. तिथल्या बायका टाके घालताना मोठमोठ्याने गात असत. तिथून मला ग्वानाह्वातोला आणले ते निकानोरने. तो चांदीच्या खाणीत कामाला होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते. आमच्या त्या जुन्या शहरात घरे डोंगराला चिकटलेली आणि गल्ल्या पायऱ्यांच्या, त्यामुळे गाडी खालच्या रस्त्यावरच थांबते. निकानोरने मला पाठीवर घेतले आणि तो चढू लागला. मी त्याच्या डोक्यावरून पुढे झुकले होते. दारात बसलेली शेजारीण चोले ओरडली, "अंपारो, बाहेर ये गं. नवरा काही दिसत नाही, पण तुझी गादी एकटीच चालत येतेय."

अंपारो हसत हसत दारात आली. तेव्हापासून मी तिची झाले.

तिने माझी फार निगा राखली. ऊन पडले की ती मला गच्चीवर टाकून काठीने झोडपायची. अधूनमधून माझी डोक्याकडची बाजू पायांकडे फिरवायची. माझ्याच अंगावर तिची मुलगी ओतिलिया जन्मली आणि माझ्यावरच उड्या मारून तिने पहिला दात पाडला. पाहुणे माझ्यावर बसत आणि म्हणत, "असली गादी आता मिळत नाही."

पुढे निकानोरच्या छातीत खाणीची धूळ बसली. आडवा झाला की त्याला श्वास घेता येईना. मग तो उशा पाठीशी लावून रात्रभर बसून राहायचा आणि अंपारो त्याच्या गुडघ्याला डोके टेकून झोपायची. त्याच्या वजनाने माझ्यात एक खोल खळगा पडला. त्याला त्रास नको म्हणून अंपारोने मला फिरवणे बंद केले. तो गेल्यावरही तिने मला फिरवले नाही. ती त्या खळग्यात जाऊन झोपू लागली.

मी म्हातारी झाले होते, मित्रांनो. माझी एक स्प्रिंग तुटून वर आली होती आणि ती नेमकी अंपारोच्या कमरेत टोचायची. सकाळी भिंतीला धरून उठताना ती कण्हायची. मला फार वाईट वाटायचे, पण मी काय करणार?

शेवटी ओतिलिया आणि तिचा नवरा रामिरो नवी गादी घेऊन आले.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, या गादीवर झोपायचं नाही," ओतिलिया म्हणाली.

"मग डॉक्टरांनाच झोपव की नव्या गादीवर," अंपारो म्हणाली आणि माझ्यावर स्वच्छ चादर घालून मोकळी झाली. नवी गादी प्लास्टिकमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली.

रविवारी मायलेकी चर्चमध्ये गेल्या. रामिरो मनाने वाईट नव्हता. सासूचे कण्हणे त्याला ऐकवत नव्हते. त्या परत येण्याआधीच हा विषय संपवावा असे त्याने ठरवले आणि मला ओढत तो गल्लीतून खाली निघाला. मी दोन्ही भिंतींना घासत होते.

चोले आपल्या उंबऱ्यावर घेवडा सोलत बसली होती. तीही आता म्हातारी झाली होती.

"काय जावईबापू, कुठे निघाली स्वारी?"

"काही नाही मावशी, जुनं सामान आहे. टाकून येतो."

"कुठे?"

"खालच्या ओढ्यात. सगळे तिथेच टाकतात."

चोलेने टोपली बाजूला ठेवली, घरातून खुर्ची आणली, गल्लीच्या मधोमध मांडली आणि तिच्यावर बसली.

"सगळे टाकतात म्हणूनच एका पावसात पाणी माझ्या चुलीपर्यंत आलं होतं. पुलाखाली काय अडकलं होतं, माहितीये? कुणाची तरी गादी. तुझा सासरा छातीभर पाण्यात उतरून ती ओढत होता."

"मला ठाऊक नव्हतं, मावशी. पण आता सरका ना. हिला वर नेण्याची ताकद नाही माझ्यात."

"मग बस तिच्यावर. अंपारो येईपर्यंत मी काही उठत नाही."

बिचारा बसला. येणारेजाणारे माझ्यावरून पाय टाकून जाऊ लागले. पानात वाफवलेल्या मक्याच्या तमाल्यांचे पातेले डोक्यावर घेतलेल्या एका बाईने विचारले, "भाड्याने दिलीय का जागा?" रामिरोने मान खाली घातली.

मग अंपारो आली. मला गल्लीत पडलेली पाहून ती जागीच थांबली.

"आई, मी तुमच्या भल्यासाठीच..." रामिरो उठून उभा राहिला.

"विचारायचं तरी होतंस, बाळा."

ती हळूच माझ्यावर बसली, अगदी त्या खळग्यात, आणि माझ्यावरून हात फिरवू लागली. ओतिलिया तिच्या शेजारी बसली.

"इथे तो बसायचा," अंपारो म्हणाली. तिने तळहात खळग्यात दाबला. "पण खरं सांगू का? या खळग्यात तो एक दिवसही सुखानं निजला नाही. शेवटी शेवटी मी देवाकडे एकच मागायचे, याला एकदा आडवं होऊ दे. आणि मी तीच जागा जपत बसलेय."

मग तिने चोलेकडे पाहिले.

"ओढ्यात नाही टाकायची. ती फिदेला आहे ना, गाद्या उसवून सगळं वेगळं करते ती? तिला बोलाव."

फिदेला आणि तिचा भाऊ पट्टे घेऊन आले. त्यांनी मला उभे केले, पट्ट्यांनी बांधले आणि कुठेही न आपटता खाली नेले. एक बाजू रामिरोने धरली. मागे एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने ओतिलियाला धरून अंपारो उतरत होती. मी शेवटपर्यंत सोबत येणार, असे तिने बजावले होते.

आपल्या कारखान्यात फिदेलाने मला लांब टेबलावर ठेवले आणि अंपारोच्या हातात कात्री दिली. "मावशी, पहिला टाका तुम्हीच उसवा."

"दुखेल का तिला?"

फिदेला हसली नाही. "इतक्या गाद्या उसवल्या, अजून एकही ओरडली नाही."

अंपारोने टाका कापला. मित्रांनो, मला दुखले नाही. घट्ट बूट काढल्यावर तुम्हाला वाटते ना, तसे वाटले.

स्प्रिंगा वितळवायला गेल्या. माझी खोळ धुऊन तिची पुसणी झाली. दडपून दगडासारखा झालेला कापूस फिदेलाने यंत्रात घातला. तो पिंजून बाहेर आला तेव्हा मऊ, हलका ढीग झाला होता आणि खळगा कुठेच नव्हता. अंपारो तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"किती मोकळा झाला गं," ती म्हणाली.

त्या रात्री ती नव्या गादीवर झोपली. ओतिलियाने फिदेलाला फोन करून तसे आवर्जून कळवले.

आणि मी? माझा कापूस एका लांब पिशवीत ठासून भरला गेला आणि ती पिशवी खालच्या वस्तीतल्या व्यायामशाळेत टांगली गेली. तिथे मुली मुष्टियुद्ध शिकतात. संध्याकाळ झाली की त्या मला जीव खाऊन ठोसे मारतात आणि दमल्या की मलाच मिठी मारून उभ्या राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरातली गादी थकली, तर तिला नदीनाल्यात ढकलू नका आणि कोणाच्या दाराशी टाकू नका. तिने तुमचा घाम, तुमचा ताप, तुमची स्वप्ने मुकाट्याने झेललेली असतात. जिला ती उसवता येते अशी एखादी फिदेला शोधा. आणि ज्याची आठवण तिच्यात आहे, त्याला आधी विचारा.

आयुष्यभर मी आडवी होते. आता उभी आहे.