पान चारवरचं मत

आमचे हे कुणाकडून साधं पेनसुद्धा घेत नाहीत. ही गोष्ट मला लग्नानंतर आठवडाभरात कळली आणि पुढची अडतीस वर्षं मी ती दर आठवड्याला ऐकत आले. हे औषधशास्त्राचे प्राध्यापक, आता निवृत्त, आणि गेली चार वर्षं सरकारच्या औषध समितीचे अध्यक्ष. कुठल्या गोळीच्या डबीवर कुठला इशारा छापायचा, कुठला काढायचा, हे ही समिती ठरवते. त्यामुळे औषध कंपन्यांना आमच्या घराचा पत्ता तोंडपाठ. पण दारातून आत आलेली प्रत्येक डायरी, प्रत्येक कॅलेंडर त्याच दारातून परत गेलं. एकदा कुणीतरी काचेचा पेपरवेट पाठवला, तर यांनी तो तीन पानी पत्रासकट परत केला. त्या तीन पानांत एकूण पाच वाक्यं होती. पत्र मीच तपासलं होतं, म्हणून सांगते.

तपासणं हा माझा धंदा. तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं वाचली. यांचं सगळं लेखनही लग्नापासून माझ्याच हाताखालून जातं. यांचं वाक्य सुरू झालं की माणसाने खुशाल चहा टाकायला जावं, परत येईपर्यंत क्रियापद आलेलं नसतं. मी ती वाक्यं तोडते, यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, मग दोन दिवसांनी हे म्हणतात, "बरं झालंय तसं." आमचा संसार असा चालतो.

तर, एका मंगळवारी एक तरुण रिकाम्या हाताने आमच्याकडे आला. निळा टाय, शांत चेहरा. एका औषध कंपनीचा जनसंपर्क सांभाळतो म्हणाला. "सर, मी काहीही आणलेलं नाही. कंपनीचं कामही नाही. मला फक्त तुमच्याकडून चार गोष्टी समजून घ्यायच्यात."

यांनी त्याला बसवलं आणि दोन तास समजावलं. कॉलेजातला बेडकाचा प्रयोग झाला, गुरुजींचा विक्षिप्तपणा झाला, परदेशातल्या परिषदेत माईक बंद पडला तो प्रसंगही झाला. आमच्या घरात या गोष्टी सुरू झाल्या की वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, कानातलं यंत्र काढून ठेवतात, आणि मला गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवतं. हा मात्र जागचा हलला नाही. "हं… हं… मग, सर?" करत बसला. माईकच्या गोष्टीला तर पोट धरून हसला.

तो गेल्यावर वन्संनी यंत्र कानात घातलं आणि विचारलं, "गेला का रे तुझा हुंकारराव?" ते नाव त्याला कायमचं चिकटलं.

पुढचे चार महिने हुंकारराव दर मंगळवारी चार वाजता यायचा. मंगळवारी तीन वाजता आमचे हे दाढी करायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. मी एकदा म्हटलं, "अहो, कंपनीचा माणूस असा घरी आलेला चालतो का तुमच्या समितीला?"

"तो मला काही देत नाही, मी त्याच्याकडून काही घेत नाही," हे म्हणाले. "साधा चहासुद्धा आपला असतो."

चहा खरंच आपला होता.

आता त्या कंपनीच्या गोळीबद्दल सांगायला हवं. रक्तदाबाची गोळी आहे, चांगली आहे, आमच्या वन्संही तीच घेतात. पण ती घेतल्यावर म्हातारं माणूस झटकन उठलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. सहा वर्षांपूर्वी वन्सं तशाच उठल्या आणि न्हाणीघराच्या दारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणात गेले. तेव्हा हे समितीचे साधे सदस्य होते. दोन वर्षं भांडून यांनी त्या डबीवर लाल चौकट छापून घेतली. 'गोळी घेतल्यावर एकदम उठू नका.' बस, एवढंच. आतला घडी घातलेला कागद कोण वाचतं? त्यातली अक्षरं वाचायला तर माझेही डोळे पुरत नाहीत. चौकट मात्र वन्संनी वाचली, आणि त्यानंतर त्या पडल्या नाहीत. आयुष्यात खूप पुरस्कार मिळाले यांना, पण खरं कौतुक करायचंच तर मी त्या चौकटीचं करीन.

कंपनीला ती चौकट नको होती. लोक लाल रंग बघून घाबरतात आणि दुसऱ्या कंपनीची गोळी घेतात, हे त्यांचं दुखणं. म्हणून त्यांनी समितीकडे अर्ज केला होता: इशारा आतल्या कागदावर असू द्या, डबीवरून काढा. गुरुवारी त्यावर निर्णय व्हायचा होता.

त्याच्या तीन आठवडे आधी वर्तमानपत्रात यांचा लेख आला. फोटोसकट. 'भीती हाच सर्वांत मोठा दुष्परिणाम'. अति इशाऱ्यांनी रुग्ण घाबरतो, औषध मध्येच सोडतो, आणि त्यानेच जास्त नुकसान होतं, असा एकूण सूर. वाक्यं छोटी छोटी, टुमदार. वाचतावाचताच माझं डोकं तडकलं. कारण एकच, ती वाक्यं तोडायला मला कुणी बोलावलं नव्हतं.

"कुणी लिहिलं हे?"

"मीच," हे म्हणाले. "म्हणजे विचार माझेच. मी बोललो, त्याने टिपून घेतलं, जरा नीटनेटकं केलं. मी दोन शब्द बदलले."

"आणि चौकट? ती तुम्हीच आणलीत ना?"

"माणसाचं मत बदलू शकतं. भीतीचं ते वाक्य तर मला अंघोळ करताना सुचलं." एवढं म्हणून यांनी तो लेख पुन्हा एकदा, सावकाश वाचला. अंगावर मूठभर मांस चढलेलं मला दिसत होतं.

मग गाडी उतारालाच लागली. पुढच्या आठवड्यात आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात तेच वाक्य ऐकवलं आणि वर म्हणाले, हे मी नाही म्हणत, समितीचे अध्यक्षच म्हणतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राने अग्रलेख लिहिला की मंत्र्यांचं बरोबर आहे. अग्रलेखाच्या मागच्या पानावर कंपनीची पानभर जाहिरात होती, पण ती काय, कुठल्याही पानाच्या मागे असू शकते. यांचा फोन दिवसभर वाजत होता. घरात आम्ही दोघी बायका यांना जमिनीवर ठेवायचा प्रयत्न करत होतो, पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस आमच्या हाकेला ओ देईना.

बुधवारी दुपारी यांनी समितीची फाइल जेवणाच्या टेबलावर उघडली. नियमाने मी ती बघायची नाही. नियमाने यांनीही ती चटणीच्या बरणीशेजारी ठेवायची नाही.

"बघ," हे म्हणाले, "अर्जासोबत सगळे आधार जोडलेत. माझा लेख, मंत्र्यांचं भाषण, अग्रलेख. सगळ्यांचं एकमत आहे."

"तुमच्याशी तुमचंच एकमत झालंय. त्यात नवल काय?"

हे रागावून हात धुवायला गेले. मी फाइल ओढली. आमच्या धंद्यातली माणसं पुस्तक मागून उघडतात. सगळ्यात शेवटी छापखान्याची ओळ असते: कुठे छापलं, कधी छापलं, किती प्रती. बाकीचं जग ती ओळ वाचत नाही. फाइल जाडजूड दिसावी म्हणून कंपनीने हाताला लागेल ते मागे जोडलं होतं, आणि त्यात तळाला एक चकचकीत पुस्तिका होती, त्यांच्या विक्रेत्यांसाठी छापलेली. मी सवयीने शेवटची ओळ वाचली. मग पुस्तिका चाळली. पान चारवर थांबले.

हे हात पुसत आले तेव्हा मी म्हटलं, "बसा. लेखाचं कात्रण धरा हातात. मी वाचते, तुम्ही नजर ठेवा. चुकलं की थांबवा."

छापखान्यात प्रुफं अशीच तपासायची असतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, दुसऱ्याने छापील कागदावर बोट फिरवायचं. यांना ते माहीत होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही दोघं असेच बसायचो.

"भीती हाच औषधाचा सर्वांत मोठा दुष्परिणाम आहे पूर्णविराम. रुग्णाला माहिती हवी स्वल्पविराम धास्ती नको पूर्णविराम. लाल रंग डोळ्यांना दिसतो स्वल्पविराम मनाला बोचतो पूर्णविराम."

यांचं बोट कात्रणावर सरकत होतं. मला एकदाही थांबवलं नाही. दोन परिच्छेद झाले. तिसऱ्यात हे एकदम म्हणाले, "इथे 'रुग्ण' नाही, 'पेशंट' आहे. तो मी बदलला होता." आणि मग यांना कळलं की आपण काय बोललो.

"हे कुठून वाचतेयस तू?"

मी पुस्तिका यांच्यापुढे सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. हुंकारराव पहिल्यांदा आमच्या दारात आला त्याच्या चार महिने आधी ती छापलेली होती.

"तुम्हाला अंघोळ करताना सुचलं," मी म्हटलं, "पण त्याआधी त्याच्या पाच हजार प्रती निघाल्या होत्या."

हे हळूहळू आठवायला लागले. हुंकारराव कधीच स्वतःचं मत सांगायचा नाही. तो म्हणायचा, "सर, मागच्या मंगळवारी तुम्ही भीतीबद्दल फार सुंदर बोललात." यांना वाटायचं, बोललो असेन. मी एवढं बोलतो, त्यात तेही बोललो असेन. दोन-तीन मंगळवारांनी ते यांच्याच तोंडून यायला लागलं.

मला वाटलं होतं मी जिंकल्यासारखी हसेन. पण यांचा चेहरा बघून मी पुस्तिका पालथी घातली.

"उद्या गप्प बसलो तर?" हे म्हणाले. "चौकट राहावी म्हणून मत देतो आणि विषय संपवतो. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"त्यांचा वकील तुमचाच लेख तुमच्यापुढे धरेल."

"मग सांगावं लागेल की तो माझा नाही."

"हो."

"अध्यक्षपद जाईल. मतही देता येणार नाही मला. आणि माझ्याशिवाय तिथे तीन विरुद्ध तीन आहेत." यांनी वन्संच्या खोलीकडे बघितलं. आतून त्यांची पुटपुट ऐकू येत होती, त्या रेडिओशी भांडत होत्या. "मी खरं बोललो आणि चौकट गेली, तर?"

मी फाइल मिटली आणि चटणीच्या बरणीपासून लांब सरकवली.

गुरुवारी मी यांच्याबरोबर गेले. बाहेरच्यांना आत जायची परवानगी नसते, म्हणून कॉरिडॉरमधल्या लांब बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला हुंकारराव बसला होता. त्याने उठून नमस्कार केला, मी वर्तमानपत्र उघडलं. अर्ध्या तासाने हे बाहेर आले आणि आमच्या दोघांच्या मधे बसले. दुसरी जागाच नव्हती.

"सांगितलं," हे मला म्हणाले. "लेख वाचला, पुस्तिका वाचली. पूर्णविराम-स्वल्पविरामासकट. एकजण हसायला लागला, मग कुणीच हसेना. आता मतदान चाललंय, म्हणून मला बाहेर बसवलंय."

आम्ही तिघं समोरच्या बंद दाराकडे बघत बसलो. हुंकाररावाने एकदा टाय सैल केला. यांचा गुडघ्यावरचा हात मी धरला. अडतीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदाच धरला असेल.

दार उघडलं. समितीचे सचिव बाहेर आले, घसा साफ केला. "चौकट राहिली, सर. चार विरुद्ध दोन." मग जरा खाली बघून म्हणाले, "आणि तुमचा राजीनामा… आज मिळाला तर बरं. वरून फोन आलाय."

"देतो," हे म्हणाले. यांनी खिसे चाचपले, पेन नव्हतं. सचिवांचं घेतलं, बाकावरच दोन ओळी लिहिल्या, आणि पेन परत केलं.

हुंकारराव फोन कानाला लावून निघालाच होता. यांनी त्याला हाक मारली. मला वाटलं, आता चांगला झाडतील. मी तर त्यासाठीच आले होते. चार वाक्यं माझ्याकडेही तयार होती.

"एकच विचारतो," हे म्हणाले. "त्या गोष्टी. माईकची, बेडकाची. त्या तुला खरंच आवडायच्या का रे?"

तो थांबला. फोन खाली घेतला. त्याला खोटं बोलणं काही अवघड नव्हतं, त्याचं पोटच त्यावर चालतं. पण तो यांच्याकडे न बघता म्हणाला, "पहिल्या दोन-तीन वेळा, सर. खरंच."

यांनी मान हलवली. "दोन-तीन म्हणजे पुष्कळ झाल्या," असं म्हणून जिन्याकडे चालू लागले.

त्या पोराच्या कानाखाली आवाज काढावा असं मला दिवसभर वाटत होतं. पण मी तिथेच उभी राहून मनात मोजत होते, यांची गोष्ट मी शेवटची पूर्ण कधी ऐकली. काही केल्या आठवेना.