जनरलसाहेबांची बायको

सौदीतल्या अल-खोबरच्या तेलकंपनीत गिरीशला चांगली इंजिनिअरची नोकरी होती, तरी गेली अकरा वर्षं तो लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता, आणि त्याही राणी व्हिक्टोरियाच्या लष्कराच्या. जनरल ऑकशॉट नावाच्या कुणा गोऱ्या साहेबाचं चरित्र तो लिहीत होता. पाद्र्याचा हा धाकटा मुलगा कोवळ्या वयात बोटीवर चढला, हिंदुस्थानात लढला, आफ्रिकेत लढला, म्हातारपणी 'सर' झाला आणि एकही लढाई हरला नाही. पद्मिनीच्या मते कारण सोपं होतं: वरातीमागून घोडं, तसा साहेब बहुतेक लढायांना दुसऱ्या दिवशी पोचायचा. पण बायकोचं मत चरित्रात घ्यायची पद्धत नाही.

पुढच्या महिन्यात पद्मिनीचं पुण्यात ऑपरेशन होतं. गर्भाशयात गाठ होती. डॉक्टर साधी म्हणत होते, पण रात्री झोप तिची उडायची, डॉक्टरांची नाही. गिरीशने सोबत यावं एवढंच तिला हवं होतं.

"अगं, दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाऊन आहे," तो म्हणाला. "मी नसलो तर कसं चालेल?"

शुक्रवारी मराठी मंडळात त्याचं व्याख्यान झालं. पद्मिनी मंडळींसाठी साबुदाणावडे तळून मागच्या खुर्चीत येऊन बसली. पडद्यावर मिशाळ जनरल होता.

"पत्नी अंथरुणाला खिळलेली," गिरीशचा आवाज भरून आला, "पण या पठ्ठ्याने छावणी सोडली नाही."

टाळ्या पडल्या. आपल्यासाठी हा माणूस कधी असा गहिवरला नाही, हे पद्मिनीच्या लक्षात आलं आणि तिला फार वाईट वाटलं.

रत्नागिरीच्या बिलकिसने हात वर केला. "मग बायको वाचली काय त्याची?"

गिरीश गडबडला. "ते... पुस्तकांत तसं काही मिळत नाही."

घरी आल्यावर त्याने मोठ्या मनाने मोबाइल काढला. इथे बायकोला मायदेशी जाऊन परत यायचं तर तो व्हिसा नवऱ्यानेच सरकारी ॲपवर काढायचा असतो.

"किती दिवसांचा टाकू?"

"फायनल एक्झिट टाक," पद्मिनी म्हणाली. "मी परत येत नाही."

त्याला आधी चेष्टा वाटली. तिने आपला इकामा, इथल्या रहिवासाचं कार्ड, त्याच्यापुढे ठेवला तेव्हा वाटेनाशी झाली. त्याने इकामा उलटून पाहिला. काहीतरी मनापासून बोलेल म्हणून ती थांबली.

"अगं पण," तो शेवटी म्हणाला, "शटडाऊनमध्ये माझ्या डब्याचं काय?"

पद्मिनीने मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच 'फायनल एक्झिट'चं बटण दाबलं.