चौकशीचा ग्रुप

बारामतीच्या एसटी स्टँडवर गेणबानं चाळीस वर्षं हमाली केली. लोकांची बोचकी, ट्रंका, कांद्याची पोती टपावर चढवता चढवता उमेद सरली. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. अक्षरं शिकला तो पंचेचाळिशी उलटल्यावर, तीही गाड्यांच्या पाट्यांवरून. आधी 'इंदापूर' ओळखू यायला लागलं, मग 'दौंड', मग 'भिगवण', आणि हळूहळू सगळंच. पाठ वाकली तशी हमाली सुटली. आता स्टँडच्या फाटकापाशी फुटाण्या-शेंगदाण्याची हातगाडी लावून तो बसतो. स्टँड काही त्याला सोडवत नाही.

टाळेबंदी उठली तेव्हा गाड्या मोजक्याच धावत होत्या. त्यात कारखाने सुरू झाले की भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि कुठली एसटी कुठं अडकली आहे हे कुणालाच सांगता येत नाही. इंदापूरहून रोज कॉलेजात शिकवायला येणाऱ्या संजीवनीबाईंनी तेव्हा मोबाइलवर एक ग्रुप काढला. 'एसटी चौकशी, बारामती-इंदापूर' असं त्याला नाव दिलं. "आबा, तुम्ही दिवसभर इथंच असता. तुम्हीच ॲडमिन व्हा," म्हणाल्या. गेणबानं आधी आढेवेढे घेतले, पण मनातून तो हरखला होता.

सुरुवातीचं वर्ष-दीड वर्ष काय ग्रुप होता तो! गेणबा एका बोटानं लिहायचा, 'सव्वापाच सुटली. जागा हाय.' गाडीतलं कुणीतरी कळवायचं, 'भवानीनगर सोडलं.' गेणबानं त्याखाली अंगठा टाकला की खबर पक्की. निमगाव केतकीची माणसं आबांचा अंगठा पडल्याशिवाय घरातून निघत नसत. भवानीनगरच्या मोनाच्या वडिलांच्या छातीत कळ आली, तेव्हा तिनं ग्रुपवर दोन शब्द टाकले. गाडीतल्या लोकांनी ते कंडक्टरला दाखवले, गाडी तिच्या दारापुढं थांबली आणि म्हातारा दवाखान्यात वेळेत पोचला. त्या दिवशी गेणबानं गिऱ्हाइकांना फुकट फुटाणे वाटले होते.

मग माणसं वाढली. पन्नासाची तीनशे झाली, तीनशेची सातशे. आणि एकेक करत घाण आत यायला लागली. सकाळी उठल्यापासून गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, देवांचे फोटो. कुणा भाऊंचा वाढदिवस निघाला की साठ केक. प्लॉट विकणे आहे. पत्त्यांचा जुगार खेळा, घरबसल्या कमवा. हा पक्ष चोर, तो पक्ष महाचोर, तुझा बाप, तुझी आई. त्या ढिगाऱ्यात अंथुर्ण्याच्या एका म्हातारीनं विचारलं होतं, 'शेवटची गाडी लागली का?' गेणबानं उत्तर दिलं, पण ते केकांच्या खाली गाडलं गेलं. म्हातारी त्या संध्याकाळी गाडी चुकून स्टँडच्या बाकड्यावर मुटकुळं करून बसलेली त्याला दिसली. "आबा, कुनी सांगितलंच न्हाय," एवढंच म्हणाली. त्यानंच मग तिला एका ओळखीच्या टेम्पोत बसवून दिलं.

तरी तो ग्रुप सांभाळत राहिला. नाल्यात पडलेलं भांडं कुणी सोडतं का? धुऊन घेऊ, असं त्याला वाटायचं.

त्या मंगळवारी दुपारी अंथुर्ण्याचा जोतीराम हातगाडीपुढं येऊन उभा राहिला. जोतीराम भाजीपाला करणारा माणूस, मार्केट यार्डात माल उतरवला की गेणबाकडं थांबून चार फुटाणे तोंडात टाकणारा. त्याची पोरगी निकिता बारामतीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तीही येता-जाता आबांना हाक मारायची.

"ये जोतीराम. काय भाव लागला भेंडीला?"

जोतीरामनं मोबाइल पुढं धरला. "आबा, ह्येला तुमी अंगठा दिला?"

"कशाला?"

"बगा की. तुमचंच नाव हाय खाली."

गेणबानं चष्मा पुसला. आदल्या दिवसाचा निरोप होता. 'सकाळची गाडी, अंथुर्णे सोडलं. प्रवाशांची सोय बघा.' त्याला तो आठवला. गेणबाच्या मोबाइलात फोटो, व्हिडिओ आपोआप उघडत नसत. नेट संपतं म्हणून त्यानं तसं करून घेतलं होतं. धुरकट चौकोन दिसला, खाली गाडीची खबर दिसली, आणि त्यानं रोजच्यासारखा अंगठा टाकून दिला होता.

जोतीरामनं चौकोनावर बोट ठेवलं. वीस सेकंदांचा व्हिडिओ. खिडकीशेजारी एक पोरगा आखडून बसलेला, आणि त्याच्या खांद्यावर मान टाकून निकिता झोपलेली, तोंड जरासं उघडं. वरून प्रेमाचं गाणं लावलेलं. गाडीत कुठून तरी लाल बदाम उडत होते.

"पहाटं चारला उठून दोन गायांच्या धारा काढून जाती ती," जोतीराम म्हणाला. "डोळा लागला तिचा. त्यो पोरगा कोन, ह्ये तिला म्हाईत बी न्हाय. आन् खाली काय लिवलंय, वाचा."

गेणबा वाचायला लागला. त्याला भरभर वाचता यायचं नाही, एकेक शब्द सोडवत जावं लागायचं. त्यामुळं प्रत्येक शब्द त्याच्या तोंडात रेंगाळत होता. 'नर्सबाईंची नाइट ड्युटी.' 'आमच्या पण खांद्याला सेवा द्या.' त्याच्याखाली याहून वाईट. ज्या अक्षरांसाठी त्यानं उतारवयात डोळे ताणले, ती असली घाण लिहायला वापरतात. पुढचं त्यानं वाचलंच नाही.

"जोतीराम, आईशप्पत सांगतो, म्या उघडलाच नव्हता."

"लोकांला काय म्हाईत? समदी म्हनत्यात, आबांचा अंगठा हाय म्हंजी खरं असनार." जोतीरामनं मोबाइल खिशात घातला. "उद्यापासनं कॉलेज बंद केलंय तिचं. परीक्षा आठ दिसांवर आलीय. ऱ्हाऊ दे, न्हाय झाली नर्स तर."

तो गेला. गेणबानं हातगाडीवर कापड टाकलं आणि समोरच्या रणजितच्या ऑफिसात गेला. रणजित प्लॉटची दलाली करायचा. गेल्या वर्षी गोड बोलून तोही ॲडमिन झाला होता. व्हिडिओ त्याच्याच नंबरवरून आलेला.

"या आबा, या! चहा सांगू?"

"चहा नगं. त्यो पोरीचा व्हिडिओ तू काढला?"

"छ्या! मला आला, म्या पुढं ढकलला." शेजारी बसलेल्या दोघांना रणजितनं डोळा मारला. "हसली लोकं, दिस बरा गेला, संपलं. आन् तुमी बी अंगठा दिलाच की!"

"माजा अंगठा गाडीला व्हता."

यावर तिघंही खदखदून हसले. त्यातल्या एकानं तिथल्या तिथं तो व्हिडिओ पुन्हा लावला, गेणबाच्या देखत.

"आबा, नुसत्या गाड्यांच्या येळा कोन वाचतंय सांगा? तुमचा ग्रुप म्या जिता ठेवलाय. जरा मजा पायजे."

"तिचं कॉलेज बंद पडलंय."

रणजितचं हसू जरा ओसरलं. त्यानं मोबाइल काढला, दोन बोटं मारली. "घ्या, उडवला. झालं समाधान? पन निमगावच्या ग्रुपवर हाय, कारखान्याच्या हाय, पार पुण्याला पोचलाय. तितनं कोन उडवनार?"

गेणबा बाहेर आला. उकिरड्यावर पाय पडल्यासारखं त्याला झालं होतं. पाय झटकावा तरी वास जात नाही.

त्यानं संजीवनीबाईंना फोन लावला.

"अगंबाई!" सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "मला काहीच माहीत नाही आबा. तो ग्रुप मी वर्षापूर्वीच म्यूट केलाय. उघडतच नाही."

"म्हंजी?"

"आवाज बंद करून ठेवलाय. किती कचरा यायचा. आमच्या स्टाफमधल्या सगळ्यांनीच केलाय."

"म्हंजी बरी मानसं कान मिटून बसली, आन् बाकीची हसायला ऱ्हायली."

मग तो म्हणाला, "बंद कसा करायचा ह्यो, तेवडं सांगा."

"एकदम बंद होत नाही. एकेकाला काढावं लागतं. पण आबा, किती वर्षांचा ग्रुप तो! पहिल्यांदा रणजितचं ॲडमिनपद काढा, नाहीतर तुम्ही काढाल तसा तो परत घालत बसेल."

गेणबानं पहिल्यांदा रणजितलाच काढला. मग हातगाडीच्या सावलीत बूड टेकून कामाला लागला. नाव दाबायचं, 'काढून टाका' दाबायचं, 'ठीक आहे' दाबायचं. सातशे बारा माणसं. काही नावं त्यानं निरोपाखाली हसणाऱ्यांत वाचली होती. सलूनवाला. कारखान्यातले एक कारकून. भजनी मंडळातले एक बुवा. आणि मोना. जिच्या बापासाठी गाडी थांबली होती, तिच्या नावापुढं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

तिला काढल्यावर पाच मिनिटांत तिचा फोन आला. "आबा, मला का काढलं? म्या काय केलं?"

"हसलीस."

"अवं, समदेच हसले!"

"म्हनूनच समद्यास्नी काढतोय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग फोन वाजतच राहिले. एक जण म्हणाला, म्हातारा येडा झाला. एक जण म्हणाला, उद्या भावाचा वाढदिवस आहे, तेवढा होऊ द्या. गेणबा दाबत राहिला. बोट दुखलं की बोट बदलायचा. पाचच्या सुमाराला ग्रुपात तो एकटा उरला. सव्वापाचची इंदापूर गाडी लागली होती. हातगाडी पानवाल्याच्या हवाली करून तो गाडीत बसला.

अंथुर्ण्याला जोतीरामच्या अंगणात निकिता क्रेटमध्ये भेंडी निवडत होती. जोतीराम खाटेवर बसलेला. गेणबा उभ्याउभ्याच म्हणाला, "पोरी, त्यो अंगठा माजा व्हता. न बगता दिला. चुकलं माजं."

"ठाऊक आहे आबा. नेट संपतं म्हणून तुम्ही काही उघडतच नाही," ती म्हणाली. मग हातातली भेंडी तिनं क्रेटमध्ये आपटली. "पण ग्रुप कशाला मोडला? आता गाडी कुठवर आलीय हे मी कुणाला विचारू?"

इथवर येताना गेणबाला वाटलं होतं, पोरीला बरं वाटेल.

"इचारायचं कारन न्हाय," जोतीराम म्हणाला. "तू जानारच न्हाईस."

"मग काय करू? भेंडी निवडू? माझी चूक काय? झोपले ही?"

"चूक कोन इचारतंय? गाडीत पाय टाकलास की साठ तोंडं वळत्याल तुज्याकडं. मला बगवायचं न्हाय ते."

"तुम्हाला बघवत नाही म्हणून मी घरी बसायचं?"

जोतीराम खाली मान घालून बसला. मग तो गेणबाकडं वळला. "आबा, तुमी सांगा. उद्या कुनी काय बोललं तर?"

"बोलतील," गेणबा म्हणाला. "आज सातशे नावं काढली म्या. बोलनार न्हाईत असं कसं सांगू? पन ह्यांच्यासाठी पोरीनं घरी बसायचं, एवडी काय लायकी हाय ह्यांची?"

जोतीराम उठून गोठ्यात गेला. थोड्या वेळानं तिथूनच त्याचा आवाज आला. "सकाळच्याला धारा मी काढीन. तू आवरून घे."

गेणबा रात्री तिथंच राहिला. सकाळी तिघंही फाट्यावर उभे होते. गाडी कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. चार-पाच जण मोबाइल धरून त्यासाठीच कुरकुरत होते. एकानं निकिताकडं पाहिलं, मग शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. जोतीरामच्या मुठी वळल्या, पण तो जागचा हलला नाही.

उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून वीस मिनिटं उशिरा गाडी आली. निकिता चढली, मागोमाग गेणबा. एक जागा रिकामी होती, शेजारी कुणीतरी पुरुष बसलेला.

"बस की ताई, जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

"नको," म्हणून तिनं दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं वही उघडली. गेणबाही बसला नाही. त्याचे गुडघे ठणकत होते.

गाडी भवानीनगरच्या अलीकडं आली आणि मागच्या बाकांवर कुणाच्या तरी मोबाइलवर ते गाणं लागलं. तेच, प्रेमाचं. दोघं-तिघं फिसकन हसले. गेणबानं गर्रकन मान वळवली. सगळ्या माना खाली, मोबाइलात. कोण ते कळायला मार्ग नाही.

"मागं बघू नका आबा," निकिता वहीतून डोळे न काढता म्हणाली. "बघितलं की त्यांना मजा येते."

गेणबानं तोंड पुढं केलं. पिचकन थुंकावं असं त्याला फार वाटत होतं, पण चाळीस वर्षं ज्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्या गाड्यांत तो कधी थुंकला नव्हता. त्यानं तोंडातली थुंकी गिळली. मागं गाणं संपलं, आणि कुणीतरी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.