झुकिस्वाची पातळ बिअर

डाव वर उचलला तर बिअर त्यावरून पाण्यासारखी घसरली. झुकिस्वाने पुन्हा बुडवून पाहिला. पुन्हा तेच. डावाच्या पाठीवर जो पांढुरका थर राहायला हवा, तो नव्हताच.

शुक्रवारची दुपार होती. उद्या सकाळी गावातले पुरुष गुरांच्या वाड्यात बसणार होते. तिच्या सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं आणि ही बिअर त्यांच्या आत्म्याला परत घरी बोलावण्यासाठी होती. पातळ निघाली तर पार त्सोलो शहरापर्यंत बोललं जाईल, की या घराने आपल्या मेलेल्या माणसाला पाणी पाजलं. आणि पाणी केलं कोणी? नव्या सुनेने.

सासूबाई, नोसाखेले, बहिणीकडून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी पिंपात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं.

"हे काय गं, मकोटी? कपडे धुवायचेत का यात?"

एरवी सुनेसाठीचा हा शब्द त्या लाडाने वापरत.

"प्रमाण तुमचंच आहे, आई. मक्याचं पीठ, मोड आलेल्या ज्वारीचं पीठ, दोन दिवस आंबवलं, घाटा शिजवला, मग पुन्हा मोडाचं पीठ घातलं."

"घाटा गार करून?"

झुकिस्वाने डाव पिंपाच्या कडेला टेकवला. रसायनशास्त्राच्या पदवीने तिला शिकवलं होतं, की पासष्ट अंशांच्या आसपास मोडातले पाचक रस जोमाने काम करतात. म्हणून तिने घाटा तेवढा गरम असतानाच पीठ मिसळलं आणि पिंप चार तास गुंडाळून ठेवलं. स्टार्च वाया का घालवायचा? नंतर चाखलं तर मधासारखं गोड! मग निवल्यावर जुन्या बिअरच्या गाळाचं विरजण लावलं होतं.

"ब्लँकेटात गुंडाळलं," ती शेवटी म्हणाली.

"ब्लँकेटात? घाटा बाळंत झाला होता का?"

हसू येण्याऐवजी झुकिस्वाला एकदम उमगलं. स्टार्चची झाली साखर, साखरेची झाली जास्तीची दारू. जिभेवर जो जाडपणा रेंगाळतो तो न मोडलेल्या स्टार्चचाच, आणि तो तिने मोठ्या हौसेने मोडून काढला होता.

"ओतून देऊ?"

"वेडी का काय! चूल पेटव."

संध्याकाळपर्यंत दोघींनी नुसत्या मक्याचा घट्ट घाटा शिजवून तीन परातींत पसरला. झुकिस्वा पहिली परात उचलायला गेली.

"ठेव खाली. आत्ता घातलास तर तुझं हे भुकेलं पिंप हाही खाऊन टाकेल. पहाटे घालू." सासूबाईंनी परातीच्या मधोमध बोटं खोलवर खुपसली आणि झटकन काढली. "वरून गार, पोटात निखारा. फोड तो."

झुकिस्वाने गुपचूप थर्मामीटर टोचला. वर तीस, मध्ये अठ्ठावन्न. पहाटेपर्यंत त्यातला स्टार्च पिंपापासून लांब ठेवायचा आणि गाळायच्या तोंडावर मिसळायचा, म्हणजे रसांना तो मोडायला वेळच मिळत नाही. हे सासूबाईंना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी पिंपाकडे नीट पाहिलं होतं, एवढंच.

पहाटे सासूबाई मूठमूठ घाटा बिअरमध्ये कुस्करत होत्या. गाठी फोडत, बोटांवरून धार सोडून बघत. अडीच परातींवर थांबल्या.

"उरलेला घालू?"

"नको. मग चावावी लागेल."

झुकिस्वाने डाव बुडवला. पाठीवर थर राहिला. तिने त्यावरून बोट ओढलं, तर रेघ तशीच राहिली.

वाड्यात पहिला पत्र्याचा पेला सगळ्यांत वडीलधाऱ्या दुमिसांकडे गेला. झुकिस्वा कुंपणाबाहेरून बघत होती. म्हातारा सावकाश प्यायला. मिशीवर पांढरी रेघ उमटली ती त्याने पुसलीही नाही.

"दाट आहे, हिला अंग आहे," तो वाड्यातल्या लोकांना म्हणाला. "भूक भागते. ज्याला बोलावलंय तो आला असेल आता, नक्की आला असेल." आणि पेला पुढे द्यायच्या ऐवजी पुन्हा तोंडाला लावला.

"ए, आम्हीपण आलोय!" कोणीतरी ओरडलं.

दुसऱ्या फेरीनंतर दुमिसा उठायला गेले आणि बसल्या जागी परत बसले. तिघे जण हसत त्यांना धरायला धावले.

"कोणी केली गं ही?" त्यांनी तिथूनच हाक दिली.

"सुनेने!" नोसाखेले तिच्या शेजारून ओरडल्या.

"आई, खोटं कशाला?" झुकिस्वा कुजबुजली.

"खोटं कुठे? डोक्यात गेली ती तुझी. पोटात राहिली ती माझी." त्यांनी रिकामी बादली सुनेच्या हातात दिली. "जा, भरून आण. आणि पुढच्या वेळी ब्लँकेट कपाटात ठेव."